मूठ दिसली की थांबायचं

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. मीही अशा गोष्टी वाचते आणि पहिल्याच ओळीला म्हणते, चला, सुरू झाली यांची फेकाफेकी. तेव्हा तुमचा विश्वास बसला नाही तरी मला राग यायचा नाही. पण ही माझ्या सख्ख्या मामांची गोष्ट आहे, आणि मामांना गोष्ट रचता येत नाही. साधा निरोपसुद्धा ते तिखटमीठ लावून सांगू शकत नाहीत. मामी म्हणते, "यांच्या तोंडून बातमी काढायची म्हणजे बंद नळाखाली बादली लावून बसायचं."

हेसुद्धा त्यांनी एका दमात सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, मध्ये बरेच महिने गेले. मी फक्त ते तुकडे जोडलेत.

आणि भुताटकी म्हणजे रात्र, असा तुमचा समज असेल तर तो बाजूला ठेवा. हे दिवसाढवळ्या झालं. थंडीचे दिवस होते. आभाळ सकाळपासून मळकट होतं. शहराबाहेर रंगाचा एक कारखाना बंद पडून होता, त्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात हे सगळं घडलं.

मामा जेसीबी चालवायचे. उभा जन्म त्या खुर्चीत गेला. त्या खुर्चीने त्यांचे गुडघे खाल्ले, कंबर खाल्ली, डावा कान जवळजवळ खाल्ला. तरी तक्रार नाही. आणि बढाई मारायची तर मामा एकच मारायचे.

"माझ्या बकेटखाली आजवर कुणाला खरचटलेलंसुद्धा नाही."

चारचौघांत बसले, की फिरून फिरून हे वाक्य यायचंच. मामी कपाळाला हात लावायची. "झालं, लागली यांची टेप." आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. पण त्या माणसाकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते अगदी खरं होतं.

हे त्यांचं शेवटचं काम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता खुर्ची सोडा. मामीने तर वचनच घेतलं होतं. "एवढे खड्डे झाले की किल्ली देऊन टाकतो," असं मामा रोज सकाळी डबा उचलताना म्हणायचे, आणि मामी रोज म्हणायची, "बघू."

काम कसलं, तर मातीचे नमुने.

त्या मैदानावर घरं बांधायची होती. पण कारखान्याने वर्षानुवर्षं रंग, रसायनं काय काय ओतलं असेल, ते जमिनीत किती मुरलंय, हे आधी तपासायला नको? म्हणून मैदानभर खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीपाशी मामांनी खड्डा घ्यायचा. वरची माती, मधली माती, तळाची माती, प्रत्येकीतली थोडी थोडी काचेच्या बरणीत भरायची. बरण्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि संध्याकाळी टेम्पोने प्रयोगशाळेत पोचवायच्या. मग खड्डा बुजवायचा आणि पुढच्या खुंटीकडे जायचं.

बरण्या भरायला एक मॅडम होत्या. मॅडम म्हणजे फाइल घेऊन लांब उभी राहणारी बाई नव्हे. चिखलाचे बूट, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी, नाकाला कायमची सर्दी. त्या खड्ड्यात कधी उतरायच्या नाहीत, तो नियमच होता. मामा बकेट वर आणायचे, आणि मॅडम बकेटच्या मधोमध, लोखंडाला न लागलेली माती छोट्या फावड्याने काढून घ्यायच्या. दर बरणीला हातात नवे निळे मोजे. जुने काढून पिशवीत टाकायचे.

"एका दिवसात एवढे मोजे?" मामांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"एका बरणीची माती दुसरीला लागली तर सगळी मेहनत पाण्यात, काका."

मग मामांना पटलं. त्यांना नीटनेटकं काम करणारी माणसं आवडायची. मॅडम बर्फाच्या पेटीचं झाकणही क्षणभर उघडं ठेवायच्या नाहीत. बरणी आत गेली की झाकण बंद. दम खायला बसायच्या तेही त्या झाकणावरच.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. जेसीबीच्या इंजिनापुढे माणसाचा आवाज ऐकू येत नाही. त्यात मामांचा डावा कान तसा. म्हणून काम हाताच्या खुणेवर चालतं. तळवा खाली दाबला, की अजून खोल. बोट गोल फिरवलं, की बुजवा.

आणि मूठ वर दिसली, की थांबायचं.

का, कशाला, विचारायचं नाही. मूठ दिसली, की आधी थांबायचं आणि मग विचारायचं. मामांची सगळी बढाई त्या एका मुठीवर उभी होती.

त्या दिवसापर्यंत दोघंही पार पिचून गेले होते. रोज तेच. खणा, भरा, बुजवा, पुढे चला. मामा रात्री झोपले तरी अंग हलत राहायचं. मॅडमची लहान मुलगी शाळेतून येऊन शेजाऱ्यांकडे बसायची, आणि रोज संध्याकाळी फोनवर तिची समजूत घालता घालता मॅडमचा आवाज बसायचा.

"काका, राहिले किती?"

"मला काय विचारता? खुंट्या तुमच्या."

"म्हणजे मोजायचं पण मीच."

"एक करा. घरच्या कुंडीतली माती भरून द्या. प्रयोगशाळेत कुणाला कळतंय?"

मॅडम हसल्या. पण हसायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. जेवण झालं आणि दोघं मैदानाच्या टोकाला, मागच्या भिंतीजवळच्या खुंट्यांकडे वळले. तेवढ्याच उरल्या होत्या.

तिथे पहिला खड्डा घेताना...

बकेट खाली गेलं होतं. काढलेल्या मातीचा ढीग शेजारी वाढत होता. आणि त्या ढिगामागून एक हात वर आला.

निळा मोजा. मूठ घट्ट.

मामांनी जागच्या जागी बकेट थांबवलं. वाट बघितली. मूठ खाली गेली. कुणी काही बोलेना, पुढे येईना. मामांनी इंजिन बंद केलं आणि दारातून मान बाहेर काढली.

मॅडम ढिगामागे नव्हत्याच. त्या लांब, टेम्पोशेजारच्या घडीच्या टेबलापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवत होत्या.

"का थांबवलंत?" मामा ओरडले.

"मी कुठे थांबवलं?"

"आत्ता मूठ दाखवलीत की."

"काका, माझे दोन्ही हात बरणीला चिकटलेत. चष्म्याचा नंबर बघा एकदा."

मामांनी खरंच चष्मा पुसला. ढिगामागे जाऊन बघितलं. ओली माती होती, तिच्यावर पावलाचा ठसा नव्हता. उडत आलेली पिशवी असेल, असं म्हणून ते परत खुर्चीत चढले.

तो खड्डा बुजवताना दुसरी गोष्ट झाली.

खड्ड्यातून काढलेली माती मोकळी होते, फुगते. ती परत भरली, की थोडी उरतेच. वर उंचवटा राहतो, त्याच्यावरून चाक फिरवून दाबावं लागतं. हे मामांना झोपेत विचारलं तरी सांगतील.

पण त्या खड्ड्यात सगळा ढीग लोटला, शेवटची ढेकळं लोटली, आणि तरीही...

खड्डा भरला नाही.

काठ उघडेच राहिले. गुडघाभर कमीच. मामा उतरून बघत राहिले. मॅडमही आल्या.

"खाली पोकळी असेल," मॅडम म्हणाल्या. "जुनी टाकी, गटार, काहीतरी. आत गेली असेल माती."

"मी तळ बघितला होता. टणक पिवळी जमीन होती."

"मग मला नाही माहीत, काका. पुढचा घेऊ या का? उजेड जातोय."

कमी पडलेली माती मामांनी इकडून तिकडून ओढून टाकली. इंजिन बंद करून चहा घेतला. दोघं जेसीबीच्या पायरीवर बसले होते. मैदानात वारा नव्हता. लांब फाटकावर वॉचमनचा रेडिओ चालू होता, तेवढाच आवाज.

मग मागून...

माती घसरल्यासारखा आवाज आला. सावकाश. मध्ये थांबत थांबत.

दोघांनीही मागे वळून बघितलं. बुजवलेला खड्डा होता तसाच होता. मॅडमनी कप ठेवला आणि नवे मोजे चढवले. मामांनीही विषय काढला नाही. थकलेलं माणूस प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर आलं तर त्याचं काहीतरी करावं लागतं.

पुढच्या खड्ड्याला मूठ परत दिसली. मामा थांबले. मॅडम टेबलापाशी.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा मूठ. पुन्हा थांबले.

प्रत्येक वेळी मामा उतरायचे, ढिगामागे बघायचे, गुडघे धरून परत चढायचे. उजेड उतरत चालला होता. पेटीतला बर्फ वितळत होता. शेवटी मामांचं डोकं फिरलं.

"मॅडम, चेष्टेला पण वेळकाळ असतो."

मॅडमनी हातातलं फावडं खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, रागाने की दमल्यामुळे ते मामांना कळलं नाही.

"काका, माझी पोरगी लोकांच्या घरात बसलीये. शेजारीण तोंडावर काही बोलत नाही, पण दार उघडताना तिचा चेहरा मी रोज बघते. मला कधी एकदा घरी जाते असं झालंय. मी कशाला चेष्टा करू?"

मामा ओशाळले. त्यांनी परत एकदा चष्मा काढून बघितला. कारण मॅडम खोटं बोलत नव्हत्या. चष्माही स्वच्छ होता.

"मग मला रोखतंय कोण?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी ढिगाकडे बघितलं.

"मला काही दिसलं नाही. पण तुम्ही उगाच थांबणारे नाही आहात, हे मला माहीत आहे."

मी मामांना विचारलं होतं, तेव्हाच का नाही निघालात? कोण जबरदस्ती करत होतं? मामा म्हणाले, "अगं, एकच खुंटी राहिली होती. परत दुसऱ्या दिवशी एका खुंटीसाठी यायचं? आणि भीतीचं म्हणशील, तर घाबरायलासुद्धा अंगात जीव लागतो. तो नव्हता."

मग दोघांनी मिळून तोडगा काढला. साधा, समजूतदार तोडगा. कुणीही हाच काढला असता.

"आता हात विसरा," मॅडम म्हणाल्या. "मी शिट्टीच वाजवेन. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन छोट्या म्हणजे बुजवा. तुमच्या उजव्या बाजूने वाजवेन."

"आणि मूठ दिसली तर?"

"मूठ दिसली तरी थांबू नका. ती माझी नाही."

"ठरलं?"

"ठरलं."

शेवटचा खड्डा भिंतीला सगळ्यात जवळचा. मामांनी बकेट खाली सोडलं, आणि पहिला ढीग पडतो न पडतो तोच...

मूठ वर होती.

या वेळी ती खाली गेली नाही. ढिगामागे तशीच उभी राहिली. मामांनी बकेट भरलं, वर आणलं, रिकामं केलं. मूठ तिथेच. मध्येच बोटं उघडायची आणि परत मिटायची.

मामांचा हात आपोआप थांबायला जायचा. इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी दात आवळून तो थांबू दिला नाही. मान दुसरीकडे केली.

"मी काय बघतच नाही," असं ते मोठ्याने म्हणाले. स्वतःलाच.

मॅडमनी बकेटमधून माती घेतली. वरची, मधली, तळाची. खोली मोजायची पट्टी खड्ड्यात सोडून बघितली. मग लांब होऊन दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या.

बुजवा.

मामांनी जेसीबी वळवली. खणतात मागच्या बकेटने आणि बुजवतात पुढच्या, रुंद बकेटने. पुढचं बकेट जमिनीला लावलं आणि समोर मातीचा ढीग आला, की खुर्चीतून खड्डा दिसतच नाही. ढिगावरून जेवढं वर येईल तेवढंच दिसतं.

मामांनी ढीग लोटायला घेतला.

ढिगाच्या वर मूठ आली.

मामा थांबले नाहीत. माती धप्पकन आत गेली. ते मागे आले, परत बकेट लावलं, परत पुढे निघाले. आणि आता ती मूठ...

थरथरत होती.

जोरजोरात. कुणीतरी जिवाच्या आकांताने हात हलवावा तशी.

शिट्टी मात्र नव्हती. मामांनी उजवा कान दिला. शिट्टी नाही. ठरलं होतं ना, शिट्टी म्हणजे शिट्टी. त्यांनी डोळे मिटले आणि दुसरा ढीगही लोटला.

मागे येताना त्यांची नजर सहज टेम्पोकडे गेली.

बर्फाच्या पेटीचं झाकण उघडं होतं.

सताड उघडं. शेजारी टेबलावर एक बरणी, तीही उघडी. आणि टेबलापाशी कुणी नव्हतं. टेम्पोपाशी कुणी नव्हतं. अख्ख्या मैदानात कुणी नव्हतं.

मामांनी इंजिन बंद केलं.

"मॅडम?"

सगळं शांत. वॉचमनचा रेडिओसुद्धा बंद.

मामा म्हणतात, त्या पेटीपासून खड्ड्यापर्यंतचं अंतर ते कसे गेले ते त्यांना आठवत नाही. काठावर पोचले तेव्हा दिसलं. काठाचा एक मोठा तुकडा तुटला होता. तुटलेली कड ताजी होती, आणि तिच्यात मोजायची पट्टी अडकून लोंबत होती. पट्टी काठावर विसरली होती. ती घ्यायला मॅडम आल्या होत्या.

खड्डा अर्धा भरला होता. ती अर्धी माती मामांनी टाकली होती.

ज्या माणसाला जिना चढताना कठडा लागतो, त्याने सरळ आत उडी टाकली. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. मामा खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. फावडं आणायचंही सुचलं नाही. नखं तुटली. तोंडाने सारखं एकच चालू होतं, "माझ्या हातून नको, माझ्या हातून नको."

आणि मातीत हाताला हात लागला.

मोज्यातला हात. मामांनी तो गच्च धरला.

त्या हाताने मामांचा हात धरला.

घट्ट. जिवंत माणूस धरतो तसा घट्ट.

मामांना रडू फुटलं. "सोडू नका, मॅडम. धरून ठेवा. मी आलोय, मी काढतो तुम्हाला, फक्त सोडू नका." एका हाताने ते माती बाजूला करत होते, दुसऱ्याने तो हात धरून होते. हातही सोडत नव्हता. उलट बोटं अजून आवळली गेली. दोनदा दाबलीसुद्धा, धीर द्यावा तशी. मनगट मोकळं झालं. त्याच्या पुढे माती, माती आणि माती.

तेवढ्यात...

मामांच्या पाठीमागे कुणीतरी खोकलं.

"काका."

मामांनी मान वळवली.

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात, मॅडम भिंतीला टेकून होत्या. छातीपर्यंत मातीत. हेल्मेट वाकडं झालेलं, चेहरा मातीने माखलेला, शिट्टी ओठांतून निसटलेली आणि शिट्टीत चिखल. धड श्वास घेता येत नव्हता. दोन्ही हात मातीवर होते, निळ्या मोज्यांतले. दोन्ही.

मामांनी ते दोन्ही हात नीट बघितले. मग आपल्या मुठीकडे बघितलं.

मॅडमच्या घशातून घरघर येत होती.

मामा त्यांच्याकडे गेले. जायलाच हवं होतं. तोंडातली माती काढली, छातीवरची माती ओरबाडली, आरोळ्या ठोकल्या. वॉचमन धावत आला, शिडी आणली. दोघांनी मिळून मॅडमना वर काढलं. पाय मोडला होता, पण श्वास चालू होता. वर आणून झोपवलं, तेव्हा कुठे मामांनी परत खड्ड्यात बघितलं.

माती सपाट होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची माणसं आली. मामांनी फक्त एवढंच सांगितलं, की आत अजून कुणीतरी आहे. त्यांनी तो खड्डा रुंद केला, खोल केला, चारी बाजूंनी उकरला. मामा काठावर उभे राहून बघत होते. खाली तीच टणक पिवळी जमीन, कधी कुणी न खणलेली. हाड नाही, चिंधी नाही, एक मोजासुद्धा नाही. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं.

मामांनी त्याच दिवशी किल्ली दिली. मामीला बरं वाटलं. तिला वाटलं, वचन पाळलं.

मातीचे निकालही आले. थोडं इकडे, थोडं तिकडे, पण बांधकामाला हरकत नाही. आता तिथे इमारती झाल्यात.

मॅडम बऱ्या झाल्यावर मुलीला घेऊन भेटायला आल्या होत्या. काठी टेकत आल्या. मुलीने मामांना स्वतः काढलेलं जेसीबीचं चित्र दिलं, पिवळ्या रंगात. मामी चहा करायला आत गेली, तेव्हा मामांनी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"मला माफ करा. तुम्ही मूठ दाखवत होतात आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं."

मॅडम गोंधळल्या.

"कधी?"

"तुम्ही आत पडलात तेव्हा. दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी तर किती हलवत होतात."

"काका, मी मूठ दाखवलीच नाही." मॅडम हळू बोलत होत्या, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. "काठ सुटला तेव्हाच खड्ड्याची अर्धी भिंत अंगावर आली. दोन्ही हात खाली अडकले होते. शिट्टी तोंडात धरली तर तिच्यात चिखल. तुमचं इंजिन बंद झाल्यावर हळूहळू एकेक हात सुटला. मला हात वर करताच आला नाही."

मामांनी हातातलं चित्र खाली ठेवलं.

"मग तुम्हाला दिसला तो..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही. मामी चहा घेऊन आली होती.

मी हे सगळं ऐकलं तेव्हा मामांना समजावलं. म्हटलं, मामा, जे काही होतं ते चांगलं होतं की. दुपारभर थांबा, थांबा म्हणत होतं. पुढचं त्याला दिसलं असेल. मॅडमसाठी हात वर केला त्याने. आणि मॅडम वाचल्या. तुमच्या बकेटखाली कुणाला काही झालं नाही.

मामा आपला उजवा हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघत होते. तो ते हल्ली सारखा बघतात. मामीला वाटतं सांधे दुखतात.

"चांगलंच होतं गं," ते म्हणाले. "म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"मी त्याला म्हटलं होतं, धरून ठेव. मी काढतो तुला. त्याने धरून ठेवलं. आणि मग मॅडम खोकल्या, आणि पुढच्या क्षणी मी मॅडमपाशी होतो. मधलं मला आठवत नाही. हात त्याने सोडला की मी, तेच आठवत नाही."

"त्यानेच सोडला असेल. तुम्हाला जाऊ दिलं असेल."

मामांनी मान हलवली. मग माझा हात धरला आणि आवळला. चांगलाच आवळला, माझी अंगठी बोटात रुतली.

"अशी पकड होती. आता सोडव."

मी ओढला. सुटला नाही. दुसऱ्या हाताने मला त्यांचं एकेक बोट उलगडावं लागलं.

"बघ," मामा म्हणाले. "अशी आपोआप नाही सुटत. मीच बोटं सोडवली असणार."

मी बोटात रुतलेली अंगठी सैल केली. कधी कधी त्या इमारतींवरून जायची वेळ येते. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत दिवे असतात, खाली मुलं खेळत असतात. मागच्या भिंतीकडे मी बघत नाही. कुणी हात दाखवला तर मी काय करणार?

मामांचं बरं चाललंय. फिरायला जातात, औषधं घेतात, मामीशी भांडतात. फक्त चारचौघांत बसले, की पूर्वी ते एक वाक्य बोलायचे.

आता बोलत नाहीत.